तलाव कोणाचा, जबाबदार कोण?



आम्ही लालबाग-परळच्या चाळींत राहणाऱ्या बायका. आमच्यातल्या बऱ्याच जणींची गावं कोकणात नाहीतर घाटावर. त्यामुळे तुमच्याशी बोलताना परकं वाटत नाही. आज बोलायचंय ते तलावाच्या काठी चोरून टाकल्या जाणाऱ्या कचऱ्याबद्दल. तो थांबवणं ज्यांचं काम आहे, त्यांच्याकडून ते करून कसं घ्यायचं, हेही पाहू.

आमच्या मुंबईत धोबी तलाव आहे, गोवालिया टँक आहे, सी. पी. टँक आहे. पण नुसती नावं. तिथले तलाव कधीच बुजले. गिरगावच्या पुढे वाळकेश्वरला बाणगंगा मात्र टिकली. जून २०२४ मध्ये तिथला गाळ काढताना यंत्र थेट दगडी पायऱ्यांवर उतरवलं गेलं आणि पायऱ्या फुटल्या. लोकांनी ते टिपलं, आवाज उठवला, आणि कंत्राटदारावर गुन्हा दाखल झाला. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, पुरावा वेळेवर हाती होता. दुसरी, नुसत्या कंत्राटदारावर थांबायचं नाही. त्याच्यावर देखरेख कोणाची होती, हेही विचारायचं.

गावात हेच होतं. ट्रॅक्टरवाल्याशी भांडण होतं आणि ज्याने लक्ष ठेवायचं तो साहेब नामानिराळा राहतो. शिवाय ट्रॅक्टरवाला कोणाचा तरी दीर, नाहीतर भाचा. एकट्या बाईने तोंड उघडलं की घरात वाद. म्हणून पहिली गोष्ट, रात्री गाडी अडवायला एकटीने जाऊ नका. आणि अर्ज एकीच्या नावाने नको, गटाच्या नावाने, सगळ्यांच्या सह्यांनी द्या.

आता क्रमाने सांगतो.

आधी तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते काढा. गट नंबर सांगून तलाठ्याकडून सातबारा घ्या. तलाव ग्रामपंचायतीचा असेल, जिल्हा परिषदेचा असेल, नाहीतर पाटबंधारे खात्याचा. हे कागदावर आलं की ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

मग कचऱ्याचे फोटो काढा. तारीख, वेळ, गाडीचा नंबर वहीत लिहा. लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, आवक क्रमांक घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. कचरा जवळच्या शहरातून येत असेल तर नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या. एक प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवा.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं कायद्यातच आहे. तिथे ठराव करा, तो ग्रामसभेत मांडा आणि इतिवृत्तात लिहिला गेला का, ते वाचून बघा.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. १० रुपये फी लागते, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही नाही. विचारा, कचरा उचलायचं कंत्राट कोणाकडे आहे? तो कुठे टाकायचा ठरला आहे? किती खेपांचं बिल दिलं? आमच्या अर्जावर पाहणीला कोण, कधी आलं? ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर अपील करता येतं. कारण नसताना माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला माहिती आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. तो दंड त्याच्या स्वतःवर बसतो.

एवढं झाल्यावर ऐकायला मिळतं, ‘निधी नाही.’ त्याचं उत्तर मध्य प्रदेशातल्या रतलामच्या लोकांनी मिळवून ठेवलं आहे. उघडी गटारं आणि घाणीला कंटाळून ते दंडाधिकाऱ्यांकडे गेले. नगरपालिका पैसे नाहीत म्हणत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८० मध्ये न्यायालयाने बजावलं की पैसे नाहीत म्हणून लोकांच्या आरोग्याची जबाबदारी टळत नाही. ज्या कलमाखाली ते गेले होते, ते आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ आहे. सार्वजनिक उपद्रव हटवा, असा अर्ज त्याखाली प्रांतसाहेबांकडे करता येतो.

मैत्रिणींनो, त्या तलावावर आपली गुरं पाणी पितात. तेच पाणी झिरपून विहिरीत उतरतं. पोरं आजारी पडली की रात्र आपणच जागवतो. मग प्रश्नही आपणच विचारायचा. साहेबांशी वैर नको, आवाज चढवायला नको. नाव, तारीख आणि सही मागायची. येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की वहीचं एक कोरं पान तलावासाठी ठेवा. पहिली ओळ लिहा, तलाव कोणाच्या ताब्यात आहे. दुसरी, अर्ज कोणत्या तारखेला दिला. पुढच्या ओळी साहेबांना भराव्या लागतील.