जंक्शन आणि जबाबदारी

वेबपृष्ठे रचण्याचे शिक्षण घेणाऱ्या तरुणाचे पहिले काही महिने मोठ्या उत्साहात जातात. पानावर चित्र उमटते, बटण दाबताच रंग पालटतो, आणि यंत्र आपले ऐकते याचा त्याला आनंद होतो. मग एके दिवशी ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग’ हे भारदस्त नाव समोर उभे राहते. क्लास, ऑब्जेक्ट, एन्कॅप्सुलेशन, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम अशी शब्दांची आगगाडी धडधडत निघून जाते, आणि तो बिचारा फलाटावरच राहतो. त्याला या गाडीत बसवून द्यावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे. मी जबलपूरचा रहिवासी असल्यामुळे उदाहरण रेल्वेचेच घेतले, तर श्रोत्यांनी ते गोड मानून घ्यावे.

मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग आणि अलाहाबादेकडून आलेला ईस्ट इंडियन कंपनीचा लोहमार्ग 1870 च्या मार्च महिन्यात जबलपुरास एकमेकांना मिळाले, आणि मुंबईहून कलकत्त्यास रेल्वेने जाण्याची सोय झाली. कंपन्या दोन, नोकरवर्ग दोन, हिशेबाच्या वह्याही दोन. परंतु दोघींच्या रुळांमधील अंतर एकच, साडेपाच फूट. याउलट सातपुड्यातून येणारी छोटी गाडी 2015 पर्यंत अडीच फुटी रुळांवरून धावत असे. तिचा डबा मोठ्या मार्गावर चढू शकत नव्हता. माल पुढे धाडावयाचा तर तो उतरवून दुसऱ्या डब्यात भरण्यावाचून गत्यंतर नव्हते. तात्पर्य, सांधा नीट ठरलेला असला म्हणजे आतील कारभार निराळा असूनही काम अडत नाही. मोठा प्रोग्रॅम रचताना नेमकी हीच दृष्टी लागते.

आता शब्दांकडे वळू. रेल्वेच्या कारखान्यात डब्याचा आराखडा असतो. आराखड्यात बसून कोणी प्रवास करीत नाही. त्यावरून बनविलेल्या डब्यांतून लोक प्रवास करतात. आराखडा म्हणजे क्लास, आणि त्याबरहुकूम तयार झालेला प्रत्येक डबा म्हणजे ऑब्जेक्ट. आराखडा एक, डबे शेकडो; परंतु प्रत्येक डब्याचा क्रमांक वेगळा आणि आतील प्रवासीही वेगळे. डब्यापाशी जी माहिती असते ती त्याची प्रॉपर्टी; डबा जे काम करू शकतो, उदाहरणार्थ जागा देणे किंवा जागा रद्द करणे, ती त्याची मेथड.

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. समजा, डब्यात 72 जागा आहेत आणि किती भरल्या त्याचा आकडा एका उघड्या पाटीवर लिहिलेला आहे. येणाराजाणारा कोणीही तो आकडा बदलू लागला, तर एका जागेवर दोघे हक्क सांगतील, आणि चूक कोणाच्या हातून झाली ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. म्हणून आरक्षणाच्या खिडकीशी अर्ज करावयाचा. वहीला हात लावावयाचा नाही. वही आतील मनुष्य पाहील, जागा शिल्लक असल्यास देईल, नसल्यास नाही म्हणेल. यालाच एन्कॅप्सुलेशन म्हणतात. कचेरीत बरीच वर्षे काढल्यामुळे मला या तत्त्वाची थोरवी विशेष जाणवते. नोंद चुकली तर पहिला प्रश्न हाच की, ती करण्याचा अधिकार कोणाला होता? उत्तर एकच असेल तर चूक घटकेत सापडते. उत्तरे दहा असतील, तर नुसती चौकशी चालते.

इन्हेरिटन्स म्हणजे वारसा. चाके, जोडणी, ब्रेक हे सर्वच डब्यांना हवे. ते मूळ आराखड्यात एकदाच नमूद करावे. शयनयानाच्या आराखड्याने ते तेथून घ्यावे आणि बर्थ तेवढे आपले वाढवावे. मात्र नवशिक्यांना या वारशाचा मोह फार. त्यांच्यासाठी एक सोपी कसोटी सांगतो. ‘शयनयान हा एक डबा आहे’ हे वाक्य शोभते. तेथे वारसा योग्य. ‘आगगाडी हा एक डबा आहे’ हे वाक्य शोभत नाही. आगगाडीला डबे असतात. तेथे वारसा नको, एकाने दुसऱ्याला बाळगणे पुरे. राहिला पॉलिमॉर्फिझम. लाल सिग्नल एकच, परंतु त्याला मान देऊन वाफेचे, डिझेलचे आणि विजेचे इंजिन आपापल्या रीतीने थांबते. हुकूम देणाऱ्याने आतील यंत्रणा जाणण्याचे कारण नाही.

ही कल्पना नॉर्वेत जन्मास आली. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगॉर्ड यांनी ओस्लो येथे सिम्युला ही भाषा रचली, ती प्रत्यक्ष जगातील व्यवहारांची प्रतिकृती संगणकावर चालवून पाहण्यासाठी. 1967 च्या तिच्या आवृत्तीत क्लास आणि वारसा ही दोन्ही होती. पुढे अमेरिकेत ॲलन के यांनी झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात स्मॉलटॉक भाषेचा पाया घातला. ‘ऑब्जेक्ट’ या शब्दाने लोकांचे लक्ष भलतीकडे गेले, खरे महत्त्व ऑब्जेक्टांनी एकमेकांस धाडलेल्या निरोपांना आहे, असे त्यांनी पुढे आवर्जून सांगितले.

वेबची भाषा जावास्क्रिप्ट, 1995 मध्ये ब्रेंडन आइक यांनी रचलेली. तिचा वारसा थोडा निराळा आहे. तेथे एक ऑब्जेक्ट दुसऱ्या ऑब्जेक्टाचा आधार घेतो. मागितलेली गोष्ट आपल्यापाशी नसेल, तर आधाराकडे विचारतो. त्या आधाराला प्रोटोटाइप म्हणतात. 2015 मध्ये या भाषेत ‘क्लास’ शब्द आला, तरी त्याच्या पोटात प्रोटोटाइपच आहे. आणि 2022 च्या नियमावलीपासून नावाआधी हॅशचे चिन्ह लावले की ती माहिती क्लासबाहेरील कोणाला वाचताही येत नाही, बदलताही येत नाही. वेबपृष्ठावरील साधे बटणदेखील एक ऑब्जेक्टच असते. म्हणजे विद्यार्थी पहिल्या दिवसापासून ऑब्जेक्टांशीच बोलत असतो, फक्त त्याला ते कोणी सांगितलेले नसते.

आज निवृत्तिवेतन, जमिनीचा उतारा, रेल्वेचे तिकीट, सारे वेबपृष्ठांतून मिळू लागले आहे. तेथे एक आकडा चुकला, तर कोणाच्या तरी घरची चूल अडते. म्हणून नव्या विद्यार्थ्याने क्लास लिहिण्यास बसण्यापूर्वी कागदावर दोन प्रश्न लिहावेत: ही माहिती कोणाच्या ताब्यात राहील? आणि ती बदलण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागेल? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला स्पष्ट देता आली, त्याला पुढचे भारदस्त शब्द आपोआप समजतील.