घरचा माणूस घरातच राहू द्या
(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पाली येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून मी आजवर शिष्यवृत्त्या, शुद्धलेखन आणि लग्नातील उधळपट्टी यांवर बोलत आलो. यंदा चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी एच.आय.व्ही. हे नाव घेतले. ते क्षणभर थबकले व म्हणाले, "गुरुजी, संमेलनाला लेकीसुना असतात." मी म्हटले, म्हणूनच.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. २००२ साली मी सातवीचा वर्गशिक्षक होतो. वर्गातील एका मुलाचे वडील बोटीवर खलाशी होते. ते वारले, आणि कशाने वारले याची कुजबुज गावभर झाली. चार पालक शाळेत आले. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलास शेवटच्या बाकावर एकट्याला बसविण्यात आले व पाण्याचा पेला निराळा देण्यात आला. मी ते पाहिले आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. आई त्याला घेऊन माहेरी गेली, एवढेच कानी आले. हजेरीपटात त्याच्या नावापुढे कित्येक दिवस मी गैरहजेरीची खूण करीत राहिलो व अखेर ते नाव कमी केले. त्या मुलास तो रोग होता की नव्हता हेसुद्धा कोणी विचारले नव्हते.

आणि असता तरी काय बिघडले असते? हा विषाणू पेल्याने पसरत नाही. एका बाकावर बसल्याने, एका ताटात जेवल्याने, हात हाती घेतल्याने, खोकल्याने किंवा डास चावल्याने तो कोणास होत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, एकाने वापरलेली सुई दुसऱ्याने वापरणे, आणि बाधित मातेकडून बालकाकडे गर्भात, प्रसूतीत वा स्तनपानातून जाणे, एवढेच त्याचे मार्ग होत. मी शिक्षक असूनही त्या वेळी हे धडपणे वाचलेले नव्हते, याची मला आजही लाज वाटते.

अशी भीती केवळ आपल्याच गावात होती असे नव्हे. लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी २००७ साली बाधित बालकांसाठी 'सेवालय' सुरू केले. तेथील मुले गावच्या शाळेत जाऊ लागली तेव्हा २००९ साली पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. परंतु बापटले यांनी गाव सोडले नाही. पुढे ती मुले मोठी झाली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी 'हॅपी इंडियन व्हिलेज' ही वसाहत उभी राहिली आणि त्यांच्यातील कित्येकांची लग्नेही झाली. ज्यांच्या शेजारी बसण्यास मुले धजत नव्हती, ती आज संसार करीत आहेत.

गोव्याची गोष्ट याहून जुनी आहे. डॉमनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले. त्यावरून तो बाधित असल्याचे कळले. १९८९ साली पोलिसांनी त्याला नेले व म्हापसा येथील जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवले. अपराध काही नाही. त्या वेळच्या गोव्याच्या कायद्याने तशी मुभा होती. त्याची आई लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली. तो १९९२ साली वारला, परंतु बाधितांसाठी काम करणाऱ्या 'पॉझिटिव्ह पीपल' या संस्थेचा पाया घालून गेला. मला येथे त्या माउलीचे विशेष वाटते. शेजारपाजार काय म्हणेल याचा विचार तिने केला असता, तर मुलगा आणखी किती दिवस कुलपाआड राहिला असता कोण जाणे.

आता काळ पुष्कळ पालटला आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून औषधे विनामूल्य मिळू लागली. आरंभीच्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. गोळी रोज, न चुकता, आयुष्यभर घ्यावी लागते. ती घेणारा माणूस इतरांप्रमाणे कामधंदा करतो. रक्तातील विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदारास जात नाही. गरोदरपणीच चाचणी व उपचार झाले तर बहुतेक बालके निरोगी जन्मतात. उपचाराविना १०० पैकी १५ ते ४५ बालकांना बाधा होते, उपचाराने ते प्रमाण ५ च्या खाली येते. तेव्हा सुनेस दिवस गेल्यावर चाचणीस नेण्यात कमीपणा कसला?

कायदाही झाला आहे. २०१७ चा तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. बाधित म्हणून कोणास शाळेतून, नोकरीवरून वा भाड्याच्या घरातून काढता येत नाही, संमतीवाचून चाचणी करता येत नाही, की त्याचे नाव बाहेर फोडता येत नाही.

तरुणांना दोन शब्द. बंदी उठली की आपल्या बोटी समुद्रात जातात, खलाशी दूरदूरच्या प्रांतांतून येतात, आपली मुलेही जहाजांवर महिनोन् महिने घराबाहेर असतात. परक्याला बोल लावून आपले घर सुरक्षित होत नाही. निरोधाचे नाव ऐकून मान खाली घालू नका. सुईने नशा करणारा मित्र असेल तर त्याला टाकू नका, उपचाराला न्या. शंका आली तर चाचणी करा. संबंध नुकताच घडला असेल तर पहिली चाचणी निर्दोष येऊनही ३ महिन्यांनी पुन्हा करावी लागते. आणि आईबापांनो, लग्न जमविताना आपण घर पाहतो, बोट पाहतो, मुलीचा रंगसुद्धा पाहतो. वधूवरांनी राजीखुशीने एकदा रक्तही तपासून घेतले तर कोणाच्या घराण्याला बट्टा लागत नाही. मात्र अहवाल त्या दोघांचा असतो, वऱ्हाडाचा नव्हे.

सरकारी चाचणी केंद्रांत तपासणी फुकट होते व नाव गुप्त राहते. १०९७ या क्रमांकावर घरबसल्याही विचारता येते. एकट्याने जाण्यास संकोच वाटत असेल तर मला सांगा. निवृत्त माणूस आहे, मंगळवारी भाईंदरला जातच असतो. तेथल्या सरकारी रुग्णालयाच्या बाहेरील बाकावर मी थांबेन आणि कोणी विचारले तर माझ्याच गुडघ्यासाठी आलो आहे असे सांगेन.