बाळपणीचे रक्त

विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकल सेल हे नाव फारसे समजावून सांगावे लागत नाही. सिकल म्हणजे विळा. तांबड्या रक्तपेशी वाटोळ्या असायच्या, त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडे कुणी ठेचावीत अशा वेदना सुरू होतात.

आता गंमत पाहा. रोग जन्माबरोबरच येतो, पण पहिले काही महिने मूल ठणठणीत असते! असे का, याचा अंदाज अमेरिकेच्या जॅनेट वॉटसन या डॉक्टरीणबाईंनी १९४८ साली बांधला. गर्भातल्या बाळाचे हिमोग्लोबिन निराळे, निर्दोष असते. जन्मानंतर ते हळूहळू बंद पडते आणि सदोष हिमोग्लोबिन त्याची जागा घेते. म्हणजे औषध घरातच होते, पण कुलपात! कुलूप लावणारे जनुक बीसीएल-११-ए. रोग्याच्याच रक्त घडवणाऱ्या पेशी बाहेर काढून, तांबड्या पेशींत या जनुकाला चेतवणारा तुकडा क्रिस्पर नावाच्या रेणूंच्या कात्रीने तोडला, की बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने हा उपचार मान्य केला.

मात्र या पेशी परत घालण्याआधी जुनी मज्जा जहाल औषधाने रिकामी करावी लागते. शिवाय अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर! आपल्या पाड्यांवर तूर्त हायड्रॉक्सियुरियाची गोळी वेळेवर पोचली तरी पुष्कळ. तीसुद्धा, बरे का, बाळपणीचे हिमोग्लोबिनच थोडेफार वाढवते.