स्की न खेळणाऱ्यांचे गुलमर्ग

हिवाळ्यात काश्मीरला जाण्याचा बेत आता मालव्यातील मध्यम स्थितीच्या घरांतूनही होऊ लागला आहे. काली सिंधेच्या काठी वसलेल्या सोनकच्छच्या माणसाला देवास जवळचे. तेथून माळवा एक्स्प्रेसने कटरा गाठता येते. जून २०२५ मध्ये कटऱ्याहून श्रीनगरला जाणारा लोहमार्ग खुला झाल्यापासून पुढची वाटही रेल्वेची झाली आहे. प्रवासाची अडचण अशी कमी झाली, तरी बेत ठरू लागला की घरात दुसरीच अडचण निघते. मुलगा आणि सून गुलमर्गला स्की शिकण्याच्या उत्साहात असतात आणि सासूबाई शांतपणे म्हणतात, “माझे तिथे काय काम? गुडघे धड नाहीत. तुम्ही जाऊन या.”

हे “तुम्ही जाऊन या” समजूतदारपणाचे वाटते व घरचेही ते चटकन मान्य करतात. पण त्यामागे एक गैरसमज आहे. ज्याला बर्फावरून घसरता येते त्याचाच बर्फ, ही समजूत मुळातच खरी नव्हे.

ज्या आल्प्स पर्वतातून हिवाळी सहलीची ही चाल जगभर गेली, तेथे तिची सुरुवात स्कीने झालेलीच नाही. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथील योहानेस बाद्रुट या हॉटेलमालकाविषयी एक आख्यायिका सांगतात. १८६४ साली उन्हाळा संपवून परत निघालेल्या इंग्रज पाहुण्यांना तो म्हणाला की, हिवाळ्यात येऊन पाहा. येथले ऊन तुम्हांला आवडले नाही, तर प्रवासखर्च माझा. पाहुणे नाताळाच्या सुमारास आले आणि ईस्टरपर्यंत राहिले. त्या काळी स्कीचे वेड आल्प्समध्ये पोहोचलेलेही नव्हते. लोक येत ते कोरड्या हवेसाठी, लख्ख उन्हासाठी, गोठलेल्या तळ्यावरील स्केटिंगसाठी आणि घसरगाडीच्या मौजेसाठी. १९२८ साली तेथेच हिवाळी ऑलिंपिक सामने भरले, पण डोंगरउतारावरील स्कीच्या शर्यती त्यांत नव्हत्या. त्यांचा समावेश प्रथम १९३६ साली झाला. म्हणजे स्की न खेळणारा प्रवासी हा या सहलीतील उपरा नसून तिचा मूळ पुरुष होय.

गुलमर्गलाही हेच लागू पडते. सुमारे २,६५० मीटर उंचीवरील या पठारावर १९११ साली आखलेले गोल्फचे मैदान आहे. हिवाळ्यात ते बर्फाखाली नाहीसे होते आणि चालणाऱ्याला मोकळी, जवळजवळ सपाट जागा मिळते. खाली टंगमर्गला भाड्याने मिळणारे रबरी बूट घालून, आखूड पावले टाकीत, काठीच्या आधाराने येथे तासभर हिंडता येते. ताज्या बर्फावर पाखरांच्या व कोल्ह्याकुत्र्यांच्या पावलांचे ठसे ओळखण्यात आजी आणि नातू यांची बरोबरी होते. मैदानातील टेकाडावर १९०२ साली बांधलेले सेंट मेरीज चर्च उभे आहे. बरीच वर्षे बंद राहिल्यानंतर २००३ च्या नाताळात तेथे पुन्हा प्रार्थना झाली. गुलमर्गच्या खालच्या उतारावर पंधराव्या शतकातील संत बाबा पयामुद्दीन ऋषी यांचा दर्गा असून त्या वाटेवर सर्व धर्मांची माणसे भेटतात.

ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी लाकडी घसरगाडी आहे. ती दोरीने ओढणारा माणूस तिथलाच रहिवासी असतो व हिवाळ्यातील त्याची मिळकत बरीचशी तिच्यावरच अवलंबून असते. दर आधी ठरवावा. पण ठरलेल्या दरात नंतर घासाघीस करू नये. आकाशपाळण्याचा, म्हणजे गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ साली आणि दुसरा २००५ साली सुरू झाला. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, तीन हजार मीटरच्या थोडा वर जातो. पांढऱ्या रानावरून बसल्या बसल्या जाण्याचे सुख वयस्कांना तेवढ्यात मिळते.

दुसऱ्या टप्प्याबाबत मात्र विचार हवा. अफरवतच्या बाजूस तो सुमारे ३,९५० मीटरपर्यंत चढतो, आणि मालव्याचे पठार तर अवघे पाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. वर हवेचा दाब समुद्रकाठच्या पाच भागांपैकी तीन भागच उरतो. हृदयाचा किंवा दम्याचा विकार असणाऱ्याने घरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेथे जाऊ नये. डोके दुखू लागले, मळमळले, तर हट्ट न धरता खाली यावे. ताजा बर्फ उन्हाचा बहुतेक प्रकाश परत फेकतो, म्हणून काळा चष्मा ही चैन नव्हे, डोळ्यांची गरज आहे. एका जाड कोटापेक्षा पातळ लोकरीचे तीन थर अधिक ऊब देतात आणि ओले मोजे तत्काळ बदलावे लागतात.

दिवस लवकर मावळतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ हा काश्मीरचा सर्वांत कडक थंडीचा काळ. त्या दिवसांत संध्याकाळी फेरनच्या आत कांगडी धरून बसलेली माणसे दिसतात. वेताच्या विणीत बसविलेले मातीचे भांडे, त्यात निखारे; ते जपून कसे धरावे हे यजमानीणबाईंकडून शिकावे आणि केशर-वेलदोड्यांचा कहवा घेत तिच्या घरच्या हिवाळ्याविषयी विचारावे. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या भाज्यांची गोष्ट निघाली, की वाळवणे घालण्यात आयुष्य गेलेल्या मालव्यातील गृहिणीला बोलायला विषय शोधावा लागत नाही. स्की शिकणारा मुलगा दिवसभर पडून-झडून परततो, तेव्हा सांगण्यासारखे आईजवळही पुष्कळ साठलेले असते.

म्हणून बेत आखताना आरंभ उलट्या टोकाने करावा. ज्याला घसरता येत नाही, त्याचा दिवस आधी ठरवावा: सकाळचे ऊन कोठे, बसण्याची जागा कोठे, सोबत कोण. स्कीवाल्यांचा दिवस आपोआप ठरतो. तिकिटे काढण्यापूर्वी एवढा विचार झाला, तर “तुम्ही जाऊन या” हे वाक्य उच्चारण्याची पाळी घरातील वडीलधाऱ्यांवर येणार नाही.