तेलाच्या डब्यातला खेकडा

खेकडा म्हटलं की कुणाला झणझणीत रस्सा आठवेल, कुणाला समुद्रकाठची बिळं. दापोडीतल्या माझ्या शेजारच्या चाचांना मात्र इंजिन आठवतं. विजेवर चालणारं, मधे केबिन आणि दोन्हीकडे लांबच लांब नाक असलेलं मालगाडीचं इंजिन. रेल्वेची माणसं त्याला 'खेकडा' म्हणत. दप्तरी नाव आधी ईएफ-१ आणि पुढे डब्ल्यूसीजी-१. पण असल्या नावावर कुणाचा जीव जडत नाही.

आपण लोणावळा लोकलमध्ये रोज चढतो-उतरतो. या मार्गावर विजेची गाडी १९२९ सालीच आली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी धावली आणि चार-पाच वर्षांत तारा बोरघाट चढून पुण्याला पोचल्या. घाटातला चढ सदतीस फुटांना एक फूट. त्यासाठी जीआयपी रेल्वेनं ही ४१ इंजिनं घेतली. दहा स्वित्झर्लंडमध्ये बांधलेली, एकतीस इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. विजेची सामग्री इंग्लंडच्याच मेट्रोपॉलिटन-विकर्स कंपनीची. घाट उतरताना मोटारी उलट वीज तयार करून तारेत परत पाठवत. म्हणजे उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हातभार लावी. हे ऐकलं तेव्हा मला माणसांपेक्षा इंजिनं शहाणी वाटली!

तर हे चाचा. एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत आयुष्यभर पत्र्याचं काम केलं, आता वय ऐंशीला टेकलंय. शाळकरी वयात रुळांच्या कडेला उभं राहून त्यांनी हा खेकडा पाहिलेला. सिग्नलला मालगाडी थांबली की इंजिन आतल्या आत कण्हत उभं राहायचं, म्हणतात. आणि चालायला लागलं की डुलायचं, म्हणून खेकडा. नावाची ही व्युत्पत्ती चाचांची आहे, मी ती तपासलेली नाही आणि तपासणारही नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा कापला आणि खेकडा बांधायला घेतला. नकाशा जवळ नव्हता. नातू दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेला होता. तिथे एक खेकडा जपून ठेवलाय. त्यानं मोबाइलवर फोटो पाठवले. समोरून काढलेल्या फोटोत दोन रुळ दिसत होते. आपल्या रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर, हे पक्कं. चाचांनी तेवढ्या एका मापावरून पट्टी धरून रुंदी काढली, उंची काढली. मूळ इंजिन सुमारे २० मीटर लांब, चाचांचं तेवीस सेंटिमीटर. सत्त्याऐंशीला एक हे प्रमाण. जगभरच्या छोट्या रेल्वेगाड्यांत हेच जास्त चालतं.

मी एकदा विचारलं, "चाचा, विकत नाही का मिळत?"

"अरे शायर, मिळत असतं तर हा डबा कशाला कापला असता?"

खरं आहे. याच घराण्यातलं स्वित्झर्लंडचं गोटहार्ड घाटातलं इंजिन 'मगर' म्हणून प्रसिद्ध आहे. जर्मनीची मेर्कलिन कंपनी १९३० च्या दशकापासून त्याच्या छोट्या प्रतिकृती विकत आली आणि हौशी लोक त्या वारसा म्हणून जपतात. इंग्लंडात मँचेस्टर-शेफील्ड मार्गावर आपल्यासारखीच दीड हजार व्होल्टची वीज आली ती १९५४ साली, पुण्यानंतर पंचवीस वर्षांनी. तिथली ईएम-२ जातीची इंजिनं मोजून सात. तरी त्यांतल्या 'इलेक्ट्रा'चं मॉडेल १९६० च्या दशकात ट्राय-अँग कंपनीनं काढलं आणि तिथल्या पोरांना ते दुकानात मिळालं. तो मार्ग १९८१ मध्ये बंद झाला, इलेक्ट्रा अजून कपाटांतून धावते. आमच्या घाटातली एक्केचाळीस इंजिनं भंगारात गेली, दोन-चार संग्रहालयांत उभी राहिली. दापोडीच्या पोराच्या हातात येईल असा खेकडा मी तरी कुठल्या दुकानात पाहिला नाही. आपल्याकडे हौस नव्हती असं नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी लघुरेल्वेचं अख्खं गाव उभारलं आणि १९९८ मध्ये लोकांना खुलं केलं. तिथे मुलांच्या रांगा लागतात. पण हौस एकेकट्या माणसाची राहिली.

सगळ्यात अवघड होत्या चाकांच्या बाजूच्या दांड्या. खेकड्यात मोटारी एक आडवा आस फिरवत आणि तो आस लोखंडी दांड्यांनी तीन-तीन चाकजोड्या फिरवी, जवळजवळ वाफेच्या इंजिनासारखा. चाचांनी सायकलच्या स्पोकच्या दांड्या केल्या. पहिल्यांदा बॅटरी लावली तेव्हा इंजिन दोन इंच सरकलं आणि अडकलं. कारण त्यांनाच लगेच कळलं. डाव्या आणि उजव्या बाजूचे खुंट एकमेकांशी काटकोनात लागतात. एका बाजूची दांडी सरळ रेषेत येऊन निकामी होते, तेव्हा दुसरीनं ओढायचं असतं. एका चाकात दोन-तीन अंशांचा फरक राहिला होता. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी आणि थरथरत्या डाव्या हातानं त्यांनी सहाही चाकजोड्या पुन्हा उपसल्या. तीन आठवडे लागले. पोरगा म्हणाला, नुसतं शोकेसमध्ये ठेवा की. चाचा त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

रंगाचाही वाद झाला. मी म्हटलं, संग्रहालयातल्यासारखा चकचकीत द्या. ते म्हणाले, चकचकीत खेकडा मी कधी पाहिलाच नाही. ब्रेकची लोखंडी भुकटी उडून खालचा भाग तांबूस तपकिरी झालेला असायचा. त्यांनी कानशीतून पडलेला कीस जुन्या रंगात कालवला आणि तोच लावला. मी घरात दखनी बोलतो आणि कविता मराठीत लिहितो. एका मापातलं दुसऱ्या मापात उतरवताना काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा माझा रोजचा धंदा. तरी तो कीस मला सुचला नसता.

आता प्रश्न रुळांचा आहे. बाजारातले छोटे रुळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे. ते युरोपच्या रुंदीला बरोबर बसतात. इंग्रजांची बहुतेक मॉडेलंही त्यांवरच चालतात, आणि ती तर शहात्तरला एक या मोठ्या प्रमाणातली. इंग्रजांची इंजिनं अंगानं बारीक, त्या काळच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात, म्हणून इंजिन फुगवलं आणि रुळ तेच ठेवले. आपला रुंद रुळ सत्त्याऐंशीनं भागला तर एकोणीस मिलिमीटरच्या थोडा पुढे जातो. "दुसऱ्याच्या रुळावर घालायला बोरघाटचं इंजिन कशाला बांधलं?" असं म्हणून चाचांनी पितळी पट्ट्या आणल्यात आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे स्लीपर कापायला घेतलेत. काल संध्याकाळपर्यंत दोन फूट रूळ झाला होता. त्यावरून खेकडा पुढे जातो, मागेही येतो. वळण अजून घालायचंय. वळणावर दोन्ही नाकं वेगळी वळतात आणि केबिन मधे सरळ राहते, ते मला दाखवायचंय, म्हणतात.