बर्फाची तिथी

विदर्भातील कारंजा आणि आमचे करंजा यांत लिहिताना एका कान्याचे अंतर असले, तरी त्या एका कान्यापायी आमच्या गावची टपाले वाशीमपर्यंत जाऊन परत आलेली आहेत, म्हणून आरंभीच खुलासा केलेला बरा. मुंबई बंदराच्या मुखाशी, द्रोणागिरीच्या पायथ्याला आणि धरमतरच्या खाडीकडे तोंड करून बसलेले आमचे करंजा हे मुळात बेट. १७८२ च्या सालबाईच्या तहान्वये साष्टी आणि घारापुरी यांच्याबरोबर ते इंग्रजांकडे राहिले, पुढे पनवेल तालुक्याच्या दफ्तरात उरणच्या पोटी त्याची नोंद झाली, आणि मिठागरे, मासळी व धक्का यांवर त्याचा संसार चालत आला. अशा गावच्या, जेथे ऐन पौषातदेखील पहाटेपुरती एक शाल पुरते अशा गावच्या, एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने बर्फावरून घसरण्याच्या जागेची निवड कशी करावी याविषयी चार शब्द सांगावेत, हे ऐकून आपल्याला हसू आले असेल, तर मलाही ते प्रथम आलेच होते.

निमित्त झाले माझ्या भाच्याचे. तो न्यू जर्सीत एडिसन येथे राहतो. गेल्या डिसेंबरात एका रात्री त्याचा फोन आला, आणि खुशालीचे बोलणे आटोपताच त्याने आपला मुकदमा माझ्यापुढे मांडला. तीन मराठी बिऱ्हाडे, सहा मोठी माणसे, कोणा एकाची सासू, आणि नऊ वर्षांच्या मुलापासून दोन वर्षांच्या मुलीपर्यंत पाच पोरे, असा काफिला शनिवार-रविवारी बर्फात जाणार होता. परंतु जायचे कोठे, यावर पंधरा दिवस खल होऊन निकाल लागत नव्हता. पुरुषमंडळींचा कौल व्हर्माँटमधील किलिंग्टन या डोंगराला होता, कारण तेथे माथ्यापासून तळापर्यंत सुमारे तीन हजार फुटांचा उतार आहे आणि अमेरिकेच्या पूर्वेकडच्या भागात त्याचा मोठा लौकिक आहे. स्त्रियांचे म्हणणे पडले की पेनसिल्व्हेनियातील पोकोनो टेकड्यांमध्ये कॅमलबॅक नावाचे ठिकाण दीड-दोन तासांवर असताना पाच तासांचा रस्ता तुडवण्याचे कारण काय. तेथील उतार आठशे फुटांचा आहे, यावर पुरुषांचे उत्तर असे की, मग आपण टेकाडावर जातो आहोत, डोंगरावर नव्हे. “मामा, तू आयुष्यभर शाळेच्या सहली नेल्यास, तूच सांग,” असे म्हणून भाचा थांबला.

मी त्याला एकच प्रश्न विचारला. म्हटले, तुमच्यातली ती धाकटी दुपारी किती वाजता झोपते?

फोनवर क्षणभर शांतता पसरली, आणि मग आतल्या खोलीत विचारून येऊन त्याने सांगितले की साडेबाराला जेवते आणि एकला झोपते. तेव्हा मी म्हणालो, की आता डोंगराची दिनचर्या मला सांग. आणि त्याने जे सांगितले त्यावरून माझी खात्री झाली की बर्फाचा डोंगर आणि करंज्याची खाडी ही एकाच कुळातील दैवते आहेत. पहाटेचा बर्फ रात्रीच्या गारठ्याने काचेसारखा टणक असतो. दहाच्या सुमारास उन्हाने त्याचा पृष्ठभाग मऊ होऊन तो नवशिक्याला मानवू लागतो. दुपारी तो खिचडीसारखा होतो. आणि सूर्य डोंगराआड गेला की पुन्हा गोठतो, व चारच्या सुमारास माणसांना वर नेणारे पाळणे बहुतेक ठिकाणी बंद होतात. म्हणजे लहान मुलाच्या वाट्याला खरी वेळ येते ती दहा ते साडेबारा. पाच तासांचा प्रवास करून शुक्रवारी मध्यरात्री पोचलेल्या, परक्या बिछान्यात अर्धवट झोपलेल्या मुलाला सकाळी दहा वाजता बर्फावर प्रसन्न मुद्रेने उभे करणे हे ज्याला साधेल त्याने खुशाल किलिंग्टनला जावे.

शिवाय मुलाला बर्फात उतरवण्यापूर्वीचा विधी हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. आतले कपडे, लोकरीचे कपडे, वरचा जाड डगला, दोन जोड मोजे, हातमोजे, शिरस्त्राण, डोळ्यांवरचा चष्मा आणि शेवटी तो स्कीचा बूट, जो घातल्यावर बिनसरावाचे माणूस खाजणात गुडघाभर रुतल्याप्रमाणे पाय उचलते. असा सगळा जामानिमा एका मुलाला अर्धा तास घेऊन चढवावा, आणि शेवटचे बकल आवळताच त्या मुलाने अत्यंत निरागस चेहऱ्याने सांगावे की शू लागली. हे दृश्य माझ्या भाच्याने मला फोनवर वर्णन केले, तेव्हा मला आमच्या शाळेच्या सहलीत होडी सुटल्यावर नेमके हेच सांगणाऱ्या कित्येक पिढ्या आठवल्या. म्हणून अशा ठिकाणी पहिली चौकशी उताराची करू नये. राहण्याच्या खोलीपासून शिकाऊ उतारापर्यंत पायी किती पावले, आणि त्या वाटेवर संडास कोठे, ही चौकशी आधी करावी. अमेरिकेत उतारांना खुणा असतात. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम, आणि पत्त्यांतल्या चौकटीसारखी काळी खूण म्हणजे जाणत्यांचा. ज्या ठिकाणच्या नकाशावर काळ्या चौकटी पुष्कळ, त्याची कीर्ती मोठी असते, आणि लहान मुलांच्या मेळ्याला त्या कीर्तीचा उपयोग शून्य असतो. आपल्याला हवे ते हिरवे वर्तुळ, आणि तेही तळाशी, जेथे सरकत्या पट्ट्यावर उभे राहून मूल आपोआप वर जाते; उंच लोंबकळणाऱ्या पाळण्यात त्याला बसवण्याचा प्रसंगच येत नाही. तीन-चार वर्षांवरील मुलांना शिकवण्याचे वर्ग बहुतेक ठिकाणी असतात, परंतु जागा मोजक्या असल्याने त्या आधी मुक्रर कराव्या लागतात. आणि दोन वर्षांच्या मुलीला बहुधा कोणताच वर्ग घेत नाही, तेव्हा तिच्याजवळ कोणी कोणत्या वेळी बसायचे याचा फेर घरून निघण्यापूर्वीच ठरलेला बरा. तो तेथे जाऊन ठरवावा म्हटले, तर दर वेळी सासूबाईच बसतात.

आता हे ज्ञान मला बर्फाने दिलेले नाही. ते समुद्राने दिले. आमच्या इकडे तीन-चार बिऱ्हाडे मुलाबाळांसह दोन दिवस जायची म्हणजे बहुधा तरीने पलीकडे रेवसला उतरायचे आणि अलिबागच्या बाजूला किहीम, आक्षी किंवा नागाव गाठायचे. आलेली मंडळी विचारतात, किनारा कोणता चांगला? आमच्याकडचा जाणता कोळी विचारतो, तिथी कोणती? कारण किनारा तोच असला तरी त्याचे रूप तिथीवर ठरते, आणि ती तिथी घड्याळात कशी उतरवायची याचा एक जुना ठोकताळा आमच्या किनारपट्टीवर पोरासोरांनाही पाठ असतो: तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीचे पाऊणपट सहा. म्हणून अष्टमीला सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि भर दुपारी बाराला ओहोटी, वाळू तापलेली, पाणी दूर गेलेले. मुलांना न्यायला याहून वाईट दिवस शोधूनही सापडणार नाही. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या सुमारास भरती, आणि तीही उधाणाची. मुंबईच्या या टापूत मोठ्या उधाणाचे पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते, ही गोष्ट ज्याने दोन वर्षांचे मूल हाताशी धरले आहे त्याने विसरू नये. त्रयोदशीला हिशेब पावणेदहाचा येतो. सकाळी भरती ओसरू लागते, दुपारी चारच्या सुमारास पाणी तळाला जाते, आणि मुले जेवून, झोपून, ताजीतवानी होऊन उठतात तेव्हा त्यांच्यापुढे ओल्या, घट्ट, सपाट वाळूचे विस्तीर्ण अंगण पसरलेले असते. पाणी फिरले की मोठ्यांनी मात्र उभे राहावे, कारण चढते पाणी पाठीमागच्या खळग्यातून गुपचूप येते. समुद्राचे आणि मुलाचे घड्याळ एकमेकांशी जुळण्याचे असे दिवस पक्षात दोन-तीनच सापडतात, आणि शाळेच्या सहलीचा शनिवार मी नेहमी पंचांग उघडून ठरवीत असे. मुख्याध्यापकांना वाटे, मी मुहूर्त पाहतो आहे.

तरीलाही हाच नियम. उरणच्या मोरा बंदरात गाळ इतका साचतो की ओहोटीच्या वेळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्या लाँचांची वाहतूक खोळंबते. धक्क्याच्या पायऱ्यांपैकी ज्या भरतीला बुडतात त्या ओहोटीला शेवाळाने निसरड्या होऊन उघड्या पडतात. एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात डब्यांची पिशवी घेऊन त्या उतरणे हे सराईत कोळणीचे काम आहे, मुंबईहून आलेल्या कारकुनाचे नव्हे.

मुक्कामाच्या जागेविषयी माझे मत थोडे एकांगी आहे, ते तसेच सांगतो. तीन बिऱ्हाडांनी तीन स्वतंत्र खोल्या घेऊ नयेत; एकच घर घ्यावे, ज्याला मधोमध मोठी ओसरी आणि एक चालते स्वयंपाकघर असेल. खोल्या वेगळ्या असल्या की संध्याकाळी सातला मुले झोपवून तीन आया तीन अंधाऱ्या खोल्यांत गप्प बसतात, आणि सहल पुरुषांची होते. नागाव-आक्षीकडे “घरगुती जेवण व राहण्याची सोय” अशा पाट्या वाडीवाडीवर लटकत असतात, आणि त्या घरांतला मऊ भात, आमटी आणि तांदळाची भाकरी ही पोरांच्या पोटाला मानवणारी सरबराई मोठ्या हॉटेलात पैसे टाकूनही मिळेलच असे नाही. परंतु तेथे पाऊल टाकताच पहिली गोष्ट करावी ती ही: नारळी-पोफळीच्या त्या रम्य वाडीत विहीर कोठे आहे ते पाहावे आणि तिचा कठडा आपल्या सर्वांत धाकट्या मुलाच्या छातीशी लावून मोजावा. एका वाडीत मी असा कठडा पाहिला की तो माझ्या गुडघ्याएवढा, आणि त्याच्यावर सुपारीची सोले वाळत घातलेली. घरमालकाला विनंती करून आम्ही त्याच्याभोवती चार बाके आडवी लावली आणि दोन दिवस आळीपाळीने त्या बाकांवर बसूनच भाजी निवडली. बर्फाच्या गावी विहीर नसेल. तेथे लाकडी जिना, सज्जाचे कठडे आणि तापलेली शेगडी असते. मोजपट्टी तीच न्यावी.

पैशाविषयी फार बोलत नाही. एकाच्या हाती रोकड द्यावी, त्याने वहीत लिहावे, आणि सहलीत त्याच्याशी कोणी वाद घालू नये.

हिंदुस्थानातल्या बर्फाची इच्छा धरणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे की शनिवार-रविवार त्याला पुरत नाही. काश्मिरात गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटरवर आहे. स्की क्लब ऑफ इंडिया तेथे १९२७ सालीच स्थापन झाला होता, आणि आता तेथील पाळण्याचा दुसरा टप्पा अफरवाट डोंगराच्या अंगाने चार हजार मीटरच्या जवळ जातो. परंतु करंज्याहून विमानतळ, विमानाने श्रीनगर, तेथून पन्नास-एक किलोमीटरचा रस्ता, आणि टंगमर्गनंतर चाकांना साखळ्या बांधून चढण, एवढे होईतो शनिवार संपलेला असतो. परतीच्या धास्तीत रविवारही जातो. त्यातून आमच्या किनाऱ्यावरच्या मुलाला एका दिवसात त्या उंचीवर नेले की त्याचे डोके दुखते आणि ते नुसते रडते, ज्याचा अर्थ आईला कळतो आणि बापाला उशिरा कळतो. पाच-सहा दिवस काढता येत असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत अवश्य जावे, पहिला दिवस श्रीनगरात स्वस्थ बसून काढावा, आणि पाळण्याच्या दुसऱ्या टप्प्याचा मोह मोठ्यांनीही आवरावा.

एवढे सगळे सांगणारा मी स्वतः काही निर्दोष नाही, हे कबूल केल्याशिवाय बोलणे पुरे होणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याच तीन बिऱ्हाडांची सहल मी ठरवली, तिथी मोजली, मुक्काम पाहिला, विहिरीची तजवीज केली, आणि मुंबईच्या मेहुण्याला चिठ्ठीत लिहून कळवले, “शनिवारी दहा वाजता नागावला या.” आता आम्हां करंजेकरांना ठाऊक आहे की नागाव दोन आहेत, एक खाडीपलीकडे अलिबागजवळ, आणि एक अलीकडे उरणला, पीरवाडीच्या किनाऱ्याशी. मेहुणा दहा वाजता उरणच्या नागावला हजर, मुलांसह आणि सर्वांच्या जेवणाच्या डब्यांसह. आम्ही अकरा माणसे अलिबागच्या नागावला, भुकेली. मधे धरमतरची खाडी. तरीने पाव तासाचे पाणी, पण त्याला ते कोणी सांगितले नाही, आणि तो बापडा वडखळ-पोयनाडवरून मोटार फिरवीत दुपारी साडेतीनला आला. मुले वाटेतच सगळे तळलेले बोंबील संपवून झोपली होती.

भाचा शेवटी पोकोनोला गेला. पुरुषमंडळींनी एका दुपारी काळ्या चौकटीच्या खुणेवरून दोन फेऱ्या मारल्या आणि ती हौस फिटली. धाकटीने दोन्ही दिवस खिडकीत बसून बर्फ पाहिला आणि जवळच्या झाकलेल्या जलक्रीडागृहातल्या कोमट पाण्यातून मात्र तिला बाहेर काढताना चार माणसे लागली. परत आल्यावर त्याने विचारले, “मामा, बर्फाला तिथी असते का रे?” मी म्हणालो, तिथी नसावी, पण प्रहर असतात.

येत्या नाताळात तीच तिन्ही बिऱ्हाडे इकडे यायची आहेत. पंचांग मी काढून ठेवले आहे, घरमालकाशी बोलणे झाले आहे, आणि सर्वांना पाठवायच्या पत्त्यावर या खेपेला ‘नागाव’च्या पुढे ‘तालुका अलिबाग’ हे शब्द ठळक अक्षरांत मी स्वतः लिहिले आहेत.