सलाईनची बाटली आणि जेवणाचं ताट

आजाऱ्याला भेटायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सलाईन लावलं ना?" बाटली टांगलेली दिसली की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. म्हणून आधी थोडा हिशेब मांडते. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्धा लिटर बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. तिच्या कॅलरी साधारण ८५, म्हणजे ज्वारीच्या अर्ध्या भाकरीएवढ्या. नॉर्मल सलाईनमध्ये तेवढ्याही नाहीत, ते नुसतं मिठाचं पाणी. प्रथिनं दोन्हींत नाहीत. पाणी आणि क्षार भरून काढायला या बाटल्या उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण चार दिवस फक्त त्यांच्यावर ठेवलेला माणूस चार दिवस उपाशीच असतो.

१९७४ साली चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकी डॉक्टरांनी एका लेखात हेच उघडकीस आणलं. रुग्णालयात येऊन माणसं कुपोषित होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. वजन-उंचीची नोंद नसते, तपासण्यांपायी जेवणं बुडतात, ग्लुकोज-सलाईनवर दिवस ढकलले जातात. आपल्याकडेही रात्री बारापासून उपाशी ठेवलेल्या रुग्णाचं ऑपरेशन दुपारी तीनला होतं, कधी तर दुसऱ्या दिवसावर जातं, आणि पुन्हा उपास सुरू. खरं तर बहुतेकांना पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. भूलतज्ज्ञाला फोन करून हे विचारायचं कोणी? वॉर्डात चोवीस तास असते ती सिस्टरच.

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात आहाराला दोन प्रकरणं दिली आहेत. तीन तासांनी कपभर जात नसेल तर तासाला मोठा चमचाभर द्या, तेही नको असेल तर पाव तासाला छोटा चमचा, इतक्या बारकाईनं त्या लिहितात. रुग्ण कधी खाऊ शकतो हे पाहणं त्यांच्या मते परिचारिकेचं काम होतं.

मग आजची परिचारिका कुठे कमी पडते? पोषणशास्त्र तिच्या अभ्यासक्रमात आहे. जीवनसत्त्वांच्या अभावानं होणारे रोग ती घडाघडा सांगते. अडतं ते वॉर्डात. इन्सुलिन टोचलं आणि नाश्ता तासभर उशिरा आला तर? रक्तातली साखर झपाट्यानं खाली येते. लोहाची गोळी चहाबरोबर दिली तर? ती बरीचशी वाया जाते. पक्षाघातानंतर "आधी पाणी पाजून बघू" म्हणतात, पण अशा रुग्णाच्या श्वासनलिकेत पातळ पाणीच पटकन शिरतं. मूत्रपिंडं निकामी झालेल्याला आपण प्रेमानं शहाळं नेतो. त्यातलं पोटॅशियम त्याच्या हृदयाचे ठोके बिघडवू शकतं.

नर्सिंग शिकवताना मला एक गोष्ट नेहमी दिसली. विद्यार्थिनी पुस्तकात प्रथिनं वाचते, पण घरात ऐकलेलं असतं की भात, वरण, अंडं, दही यांनी जखमेत पू होतो. परीक्षेत ती पुस्तक लिहिते आणि रुग्णाला घरचं सांगते. टाके भरायला वरण, अंडं, दही लागतं, तेच नेमकं बंद! तिला दोष देऊन भागणार नाही. घरच्या समजुतींवर तिच्याशी वर्गात कोणी बोललेलंच नसतं.

त्यात केसपेपरवर प्रत्येक गोळीची वेळ आणि सही असते, ताट मात्र भरलेलं परत गेलं तरी नोंद नाही. मावशी ते उचलून नेतात आणि विषय संपतो. माझ्या मते शिक्षणाइतकाच दोष या कोऱ्या कागदाचा आहे. नोंद नाही म्हणून जबाबदारीही नाही.

तुमच्या घरचं माणूस दाखल झालं तर पहिल्या दिवशी त्याचं वजन करायला सांगा आणि आठवड्यानं पुन्हा करायला लावा. आज ताटातलं किती खाल्लं, ते सिस्टरना आपणहून सांगा. आणि डबा किंवा शहाळं उघडण्याआधी त्यांना विचारा.